प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसमध्ये पूर्ण खर्चासह पीएचडी: अर्जाची तयारी, टप्प्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

नोव्हेंबर उजाडला की मला दर वर्षी सारखेच निरोप येतात. "१५ डिसेंबरची डेडलाइन आहे, एसओपी बघाल का?" बघतो. एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपलं काम आणि पुढचा हेतू सांगणारा अर्जासोबतचा लेख) बहुतेक वेळा दुरुस्त करता येतो. दुरुस्त होत नाही ती गोष्ट दुसरीच असते: शिफारस करणारी तीन माणसं नसतात, आणि असली तरी त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं. कारण अर्जाचा विचारच दिवाळीनंतर सुरू झालेला असतो.

आपल्याला सवय सीईटीची आणि कॅप राउंडची. गुण आले, पसंतीक्रम भरला, यादीत नाव लागलं. पीएचडीच्या अर्जात काही प्राध्यापक बसून तुमची फाइल वाचतात आणि मनात एकच प्रश्न ठेवतात: हिला किंवा याला पाच वर्षं पैसे देऊन संशोधनाला लावलं तर जमेल का? त्याचा पुरावा गुणपत्रिकेत थोडासाच असतो. बाकीचा तुम्ही केलेल्या कामात, आणि ते काम जवळून पाहिलेल्या माणसाच्या पत्रात. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. क्रम बदलू नका.

बीई-बीटेकच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असाल, एमटेक करत असाल किंवा दोन-तीन वर्षं नोकरी करून पुन्हा अभ्यासाकडे वळू पाहत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

## टप्पा १: विषयातला आपला कोपरा शोधा (दीड वर्ष आधी)

पहिला गैरसमज इथेच. "मला सी, जावा, पायथन, रस्ट येतं, म्हणून मला प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसमध्ये पीएचडी करायची आहे." या क्षेत्रात भाषा येणं हे भांडवल नाही. इथले प्रश्न असे असतात: प्रोग्रॅमचा अर्थ गणितात कसा मांडायचा, तो चुकणार नाही हे सिद्ध कसं करायचं, न चालवताच त्यातले दोष कसे शोधायचे, कंपायलरने केलेला बदल बरोबर आहे याची खात्री कशी द्यायची, अपेक्षा सांगितली की प्रोग्रॅम आपोआप कसा तयार होईल. टाइप सिस्टिम (माहितीचे प्रकार जुळतात का ते तपासणारे नियम), स्टॅटिक ॲनालिसिस (न चालवताच दोष शोधणं), व्हेरिफिकेशन (प्रोग्रॅम बरोबर असल्याची सिद्धता), कंपायलर, सिंथेसिस (प्रोग्रॅम आपोआप तयार करणं) हे सगळे वेगवेगळे वाडे आहेत, आणि एकातला माणूस दुसऱ्यात सहज राहतोच असं नाही.

कोपरा शोधायची सरळ रीत: पीओपीएल, पीएलडीआय, आयसीएफपी आणि ऊप्सला या चार परिषदांचे गेल्या दोन-तीन वर्षांचे पेपर उघडा. ते फुकट वाचता येतात, त्यासाठी कॉलेजचं सबस्क्रिप्शन लागत नाही. तीसेक पेपरांचे सारांश वाचा, त्यातले पाच निवडा आणि त्या पाचांची फक्त प्रस्तावना नीट वाचा. सिद्धता कळली नाही तरी चालेल. प्रश्न कळला पाहिजे.

तपासा: निवडलेल्या एका पेपरचा प्रश्न वर्गातल्या मित्राला फळ्यावर दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून समजावता येतो का? येत नसेल तर पुढे जाऊ नका. आणखी पेपर वाचा.

## टप्पा २: कामाचा पुरावा तयार करा (एक ते दीड वर्ष आधी)

हा टप्पा सगळ्यांत लांब आहे आणि नेमका हाच गाळला जातो.

आपल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत या विषयाचे शिक्षक नसतात. कंपायलरचा पेपर असतो, त्यात लेक्स-याकचं प्रॅक्टिकल असतं आणि विषय तिथेच संपतो. तरीही बीई प्रोजेक्ट तुमच्या हातात असतो. पुन्हा एकदा हजेरीचं ॲप करण्यापेक्षा खालचं काम करा.

या परिषदांमध्ये पेपरसोबतचं सॉफ्टवेअर स्वतंत्र समिती चालवून तपासते, आणि पास झालेल्या पेपरवर तसा शिक्का असतो. असं तपासलेलं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं असतं. एक निवडा आणि आपल्या लॅपटॉपवर चालवा. पेपरमधला एक तक्ता जसाच्या तसा येतो का बघा. नंतर लेखकांनी न वापरलेले प्रोग्रॅम त्याला द्या. समजा ते नल पॉइंटरच्या चुका शोधणारं साधन आहे. ते कुठे उगाच इशारा देतं, कुठे खरी चूक सोडून देतं, याची वही ठेवा: तारीख, प्रोग्रॅम, काय अपेक्षित होतं, काय आलं, कारणाचा अंदाज. चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की एक नमुना दिसायला लागतो. "इशारे उगाच येतात ते बहुतेक फंक्शन कॉलनंतर" असं काही तरी. त्या नमुन्याचं कारण शोधणं आणि छोटी दुरुस्ती करून बघणं, संशोधनाची सुरुवात हीच. पुढे एसओपीत लिहायला आणि मुलाखतीत बोलायला हीच वही उपयोगी पडते.

मार्गदर्शक हवा असेल तर दारं आहेत. सिगप्लॅन-एम नावाचा मोफत मार्गदर्शन उपक्रम आहे. त्यात जगभरातले संशोधक विद्यार्थ्यांशी जोडून दिले जातात. मोठ्या परिषदांना लागून पीएलएमडब्ल्यू ही नवख्यांसाठीची कार्यशाळा भरते आणि तिच्यासाठी प्रवासखर्चाची मदत मागता येते. उन्हाळी सुट्टीत आयआयटी किंवा आयआयएससीमधल्या प्राध्यापकाकडे इंटर्नशिप मिळवा. पदवीनंतर बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात रिसर्च फेलो म्हणूनही काम करता येतं. नोकरीत असाल तर एलएलव्हीएम (कंपायलर बांधण्याचा खुला प्रकल्प) किंवा रस्ट कंपायलरमध्ये सहा महिने नेटाने योगदान द्या. तिथला प्रत्येक बदल आणि त्यावरची चर्चा नावानिशी जगासमोर राहते.

सोबत गणिताची बाजू पक्की करा. रॉक (पूर्वीचं नाव कॉक) किंवा लीन या सिद्धता तपासून देणाऱ्या साधनांपैकी एकात शंभर-दोनशे छोट्या सिद्धता स्वतः लिहा. ओकॅमल किंवा हॅस्केलमध्ये एका लहान भाषेचा इंटरप्रिटर आणि टाइपचेकर लिहा.

इशारा: बीईला "पेपर पब्लिश करा" म्हणून कॉलेजचा आग्रह असतो आणि मुलं दीड-दोन हजार रुपये भरून चार दिवसांत पेपर छापून देणाऱ्या जर्नलमध्ये तो देतात. प्रवेश समितीतल्या प्राध्यापकांना ही जर्नल्स एका नजरेत ओळखू येतात. असा पेपर सीव्हीवर ठेवला तर बाकीच्या चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो. न छापलेलं पण नीट लिहिलेलं दहा पानी टिपण त्याच्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

## टप्पा ३: पैसे कोण देतं ते आधी समजून घ्या (एप्रिल ते जून)

"पीएचडीला कर्ज किती काढावं लागेल?" हा प्रश्न घरातून येतोच. उत्तर देशावर अवलंबून आहे.

अमेरिका. चांगल्या संगणकशास्त्र विभागांत पीएचडीचा प्रवेश म्हणजे साधारणपणे ट्यूशन फी माफ, दरमहा स्टायपेंड आणि आरोग्य विमा. बदल्यात रिसर्च असिस्टंट किंवा टीचिंग असिस्टंट म्हणून काम, बहुधा आठवड्याला २० तासांपर्यंत. बीईनंतर थेट अर्ज करता येतो, मास्टर्स सक्तीचं नाही. एमएसला स्वतःचे पैसे लागतात, पीएचडीला विद्यापीठ देतं, हा फरक घरच्यांना शांतपणे समजावून सांगा. अनेक घरांत याच गोंधळामुळे अर्जच होत नाही.

युरोप. जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, डेन्मार्क इथे पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते. करार, पगार आणि रजा असतात. बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं. जर्मनीतल्या झारब्रुकन आणि कायझर्सलाउटर्न इथल्या मॅक्स प्लांक सॉफ्टवेअर सिस्टिम्स संस्थेत मात्र बॅचलरनंतरही अर्ज करता येतो. बऱ्याच जागा वर्षभर केव्हाही निघतात, त्यामुळे एका तारखेची वाट पाहत बसू नका.

ब्रिटन. इथे सावध राहा. प्रवेश आणि पैसा हे दोन वेगळे निर्णय असतात. ऑफर लेटर आलं म्हणजे फी कोणी तरी भरणार असा अर्थ होत नाही. शिष्यवृत्तीची तारीख प्रवेशाच्या तारखेच्या बरीच आधी संपलेली असू शकते.

भारत. आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास, आयआयटी दिल्ली, बंगळुरूची आयआयएससी, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट इथे या विषयात काम चालतं. साधारण वाट गेट किंवा नेट, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. फेलोशिप पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिपचा दर ७०,००० पासून ८०,००० पर्यंत ठरवलेला आहे. त्यासाठी त्या वर्षीची अधिसूचना निघाली आहे का ते बघा. मुलाखतीत डिस्क्रीट मॅथ्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि कंपायलर यांवर फळ्यापाशी उभं करून विचारतात. पाठ केलेल्या व्याख्या तिथे तीन मिनिटंही टिकत नाहीत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठात पीएचडी करणार असाल तर बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप प्रवर्गानुसार आहेत. पीएचडीची नोंदणी झाल्यावर त्यांचा अर्ज वेगळा करावा लागतो. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, सीनिअरच्या तोंडून ऐकून ठरवू नका.

तपासा: प्रत्येक ठिकाणासाठी तीन उत्तरं लिहून ठेवा. पैसा किती वर्षांचा? उन्हाळ्याचे महिने धरून का? विमा आणि इतर फी कोण भरतं? "पहिलं वर्ष तुम्ही भरा, दुसऱ्या वर्षी बघू" असं उत्तर आलं तर ती जागा यादीतून काढा.

## टप्पा ४: यादी माणसांवरून करा (जुलै-ऑगस्ट)

एकूण क्रमवारी बघून केलेली यादी इथे निरुपयोगी. जगात दहाव्या क्रमांकावरच्या विद्यापीठात प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसचा एकच प्राध्यापक असू शकतो, आणि साठाव्या क्रमांकावरच्या विद्यापीठात सहा जणांचा जोमदार गट. सीएसरँकिंग्जच्या साइटवर बाकीच्या सगळ्या खुणा काढून फक्त प्रोग्रॅमिंग लँग्वेजेसची खूण ठेवा. विद्यापीठावर क्लिक केलं की माणसांची नावं दिसतात. ती साइट पेपर मोजते, माणूस कसा आहे ते सांगत नाही. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाचं पान उघडून चार गोष्टी बघा: गेल्या दोन वर्षांतले पेपर, सध्याचे विद्यार्थी, आधीचे विद्यार्थी कुठे गेले, आणि यंदा नवे विद्यार्थी घेणार का.

आठ ते बारा ठिकाणं पुरेशी आहेत. प्रत्येक ठिकाणी तुमच्या कोपऱ्यातले किमान दोन जण हवेत. प्राध्यापक विद्यापीठ बदलतात, कंपनीत जातात; एकाच माणसाच्या भरवशावर पाच वर्षं टांगू नका.

मेल लिहावा का? युरोपात बहुधा हो. अमेरिकेत निर्णय बऱ्याच ठिकाणी समितीचा असतो, त्यामुळे मेल सक्तीचा नाही. काही प्राध्यापक तर आपल्या पानावर "मेल करू नका" किंवा "विषयात अमुक शब्द लिहा" असं स्पष्ट लिहितात. ते न वाचता पाठवलेला मेल तिथेच संपतो. शंभर जणांना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब" पाठवणं थांबवा.

मेलचा मजकूर एवढाच पुरतो: "तुमच्या गटाच्या गेल्या वर्षीच्या पेपरमधलं साधन मी आणखी ४० प्रोग्रॅमवर चालवून पाहिलं. फंक्शन कॉलनंतर ते आधीची माहिती टाकून देतं, त्यामुळे उगाच इशारे येतात असं दिसलं. मी केलेल्या छोट्या दुरुस्तीचं टिपण सोबत आहे. पुढच्या वर्षी तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का?" पाच ओळी. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. तरी आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका आणि अर्ज कराच.

## टप्पा ५: शिफारसपत्रं (ऑगस्ट ते ऑक्टोबर)

बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात आणि निकाल बऱ्याचदा इथेच लागतो.

आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सरांकडे गेलात की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." विद्यार्थी तिन्ही पत्रं एकाच रात्री लिहितो. तिन्हींत तेच शब्द, तीच विशेषणं, "सिन्सिअर अँड हार्डवर्किंग". माझ्या पहिल्या वर्षीच्या अर्जांत हेच झालं होतं आणि एकाही ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. आज दुसऱ्या बाजूला बसून फाइली वाचताना कळतं, की अशी पत्रं तिसऱ्या ओळीत ओळखू येतात. आणि दुसऱ्याच्या नावाने स्वतःचं पत्र लिहिणं ही फसवणूकच आहे, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं.

मग सरांना काय म्हणायचं? असं म्हणा: "सर, मसुदा मी लिहिला तर समितीला ते कळतं आणि अर्ज बाद होतो. मी कामाची टिपणं देते, तुम्ही जे पाहिलंत तेवढंच लिहा. अर्धा तास वेळ द्याल का?" बहुतेक सर तयार होतात. अडचण बहुधा आळसाची नसते. काय लिहायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

टिपणाचं एक पान द्या: काम केव्हापासून केव्हापर्यंत, प्रश्न काय होता, कुठे अडलात, त्यातून स्वतः कसे निघालात, कोणती कल्पना तुमची होती. विशेषणं नकोत, प्रसंग द्या. "प्रोजेक्टच्या तिसऱ्या महिन्यात हिने आमच्या मोजमापातली चूक स्वतः शोधली आणि सगळे आकडे पुन्हा काढले" हे एक वाक्य पानभर स्तुतीपेक्षा भारी पडतं.

कोणाला विचारायचं? तुमचं काम ज्याने पाहिलं त्याला. एचओडी किंवा प्राचार्यांचं पद मोठं असतं, पण त्यांनी तुम्हाला वर्गातही पाहिलेलं नसेल तर पत्र पोकळ होतं. रोज तुमच्यासोबत बसणारी असिस्टंट प्रोफेसर मॅडम परवडली. नोकरीतल्या मॅनेजरचं एखादं पत्र चालतं, त्यांना तांत्रिक खोलीबद्दल लिहिता आलं तर.

विचारतानाचा प्रश्नही नेमका ठेवा: "सर, माझ्या संशोधनाच्या कामाबद्दल तुम्हाला ठोस पत्र लिहिता येईल का?" सर घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जा.

इशारा: फॉर्ममध्ये शिफारसकर्त्याचा संस्थेचा अधिकृत ईमेल द्या. जीमेलच्या पत्त्यावर शंका घेतली जाते. कॉलेजचा ईमेल चालू नसेल तर ऑगस्टमध्येच तो सुरू करून घ्या. आणि पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करा. ती नसेल तर वाचणारा पत्रावर कमी भरवसा ठेवतो.

## टप्पा ६: एसओपी आणि सीव्ही (सप्टेंबर-ऑक्टोबर)

एसओपी दोन पानांचा. सुरुवात कामाने करा.

नेहमी येणारी सुरुवात: "लहानपणी घरी पहिला संगणक आला तेव्हापासून मला प्रोग्रॅमिंगचं वेड आहे." अशी सुरुवात समितीने शेकडो वेळा वाचलेली असते. त्याऐवजी: "स्टॅटिक ॲनालिसिसचे उगाच येणारे इशारे कसे कमी करायचे, या प्रश्नावर मी गेलं वर्ष काम केलं. एका साधनाचे इशारे हाताने तपासल्यावर बरेचसे एकाच कारणाने येतात असं दिसलं." पहिल्या परिच्छेदातच वाचणाऱ्याला कळतं की माणूस आत शिरलेला आहे.

त्यानंतर काय केलं, काय फसलं, त्यातून कोणता प्रश्न उरला, पुढे काय करायचं आहे आणि या विद्यापीठातल्या कोणत्या दोन-तीन जणांसोबत का. फसलेलं लिहायला घाबरू नका. प्राध्यापकांचे निम्मे प्रयोगही फसलेलेच असतात. "तुमचं जगप्रसिद्ध विद्यापीठ" वगैरे वाक्यं पूर्ण काढा. एआयकडून लिहून घेतलेला एसओपी गुळगुळीत होतो आणि त्यातून तुमचं काम गायब होतं. भाषा तपासायला फार तर त्याचा उपयोग करा.

सीव्हीतून हे काढा: फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, दहावीचे टक्के आणि खालचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र. सीजीपीए दहापैकी जसा आहे तसाच लिहा, स्वतःहून चारच्या मापात बदलू नका. केटी लागली असेल तर लपवू नका. ट्रान्सक्रिप्टवर ती दिसतेच. शिफारसकर्त्याने एका ओळीत कारण सांगितलं तर उत्तम.

तपासा: एसओपीतून विद्यापीठाचं नाव झाका. उरलेला मजकूर तुमच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणाला लागू पडतो का? पडत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ७: कागदपत्रं आणि फॉर्म (सप्टेंबर ते डिसेंबर)

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट निघायला आठवडे जातात, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या धरून आणखी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि बऱ्याच ठिकाणी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, टोफेलच्या नोंदणीतही.

टोफेलचा निकाल दोन वर्षं चालतो. जीआरई अनेक विभागांनी काढून टाकली आहे. प्रत्येक विभागाचं पान बघा आणि लागत नसेल तर पैसे वाचवा. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. फी माफीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण तिची तारीख अर्जाच्या आधी संपते. एमआयटी, कार्नेगी मेलन, वॉशिंग्टन अशा काही विद्यापीठांच्या विभागांत सध्याचे पीएचडी विद्यार्थी अर्जदारांचा एसओपी मोफत वाचून देतात. तीही नोंदणी आधीच करावी लागते, म्हणून सप्टेंबरपासून त्यांची पानं बघत राहा.

इशारा: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे १५ डिसेंबरचे रात्रीचे ११.५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०.२९. तरी त्या सकाळपर्यंत थांबू नका. १० तारखेला भरून मोकळे व्हा आणि उरलेले दिवस पत्रं अपलोड झाली का ते बघण्यात घालवा. सरांना आठवण १ तारखेला, ७ तारखेला आणि आदल्या दिवशी फोनवर.

## टप्पा ८: मुलाखत, ऑफर, निर्णय (जानेवारी ते एप्रिल)

मुलाखतीत तुमच्याच कामावर विचारतात. वही समोर ठेवा. माहीत नसेल तर "माहीत नाही, पण असा विचार करून बघेन" म्हणा आणि खरंच मोठ्याने विचार करा.

ऑफर आली की प्राध्यापकांशी बोला, आणि त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी वेगळं बोला. त्यांना विचारा: घरभाडं देऊन महिन्याला किती उरतं? सर आठवड्यातून किती वेळा भेटतात? कोणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार पैशासह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन नसतं. कोणी मार्चमध्येच घाई करत असेल तर हे नम्रपणे लक्षात आणून द्या. आणि एकदा ठरलं की बाकीच्या ऑफर त्याच दिवशी नाकारा. तुम्ही अडवलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाची तरी असते.

अमेरिकेच्या व्हिसासाठी लागणाऱ्या आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या कागदावर विद्यापीठाची मदत लिहिलेली असते, त्यामुळे केवळ शिल्लक दाखवण्यासाठी कर्ज काढायची गरज नसते. रक्कम ऑफर लेटरशी जुळते का तेवढं बघा.

सगळीकडून नकार आला तर यादी, पत्रं आणि काम या तिन्हींत कुठे कमी पडलं ते एका शिक्षकासोबत बसून तपासा. बहुतेक वेळा टप्पा २ अपुरा निघतो. एक वर्ष रिसर्च फेलो किंवा प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करून पुन्हा अर्ज करणारे बरेच आहेत. निकाल काहीही लागो, शिफारस करणाऱ्या तिघांना फोन करून तो स्वतः कळवा. त्यांनी बारा-बारा पोर्टलवर तुमचं पत्र चढवलेलं असतं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कदाचित पुन्हा त्यांच्याकडेच जायचं असतं.